दाजींनी कर्ज काढायच्या आधी हे वाचा

हर्नडन, व्हर्जिनिया

ताई,

ओंकारने त्या सायबर सिक्युरिटीच्या क्लासचं ब्रोशर पाठवलं आणि पाठोपाठ दाजींचा व्हॉइस मेसेज आला की मामा म्हणेल तसं करू, सोसायटीचं कर्ज आठवड्यात मंजूर होतंय. फोनवर बोललो तर निम्मं राहून जातं आणि दाजी नेमके तेव्हा शाळेत असतात, म्हणून टाइप करतोय, तिघांनी मिळून वाचा. आधी मुद्द्याचं सांगून टाकतो, क्लासच्या फीचे ते दोन लाख ऐंशी हजार भरू नका.

पोराने या लाइनीत यायला माझी ना नाही. पण हे सर्टिफिकेट प्रकरण काय आहे ते नीट समजून घ्या. त्या फीमध्ये दोन गोष्टी विकतात, शिकवणी आणि शिक्का, आणि क्लासवाले दोन्ही एकच असल्यासारखं बोलतात. शिक्का लागतो गं, नाही असं नाही. एचआरमधल्या माणसाला कामातलं काही कळत नसतं, तो बायोडेटात सीईएच, म्हणजे परवानगीने हॅकिंग करणाऱ्याचं सर्टिफिकेट, दिसतंय का ते बघतो आणि पुढे ढकलतो. बँकांच्या नाहीतर सरकारी टेंडरमध्ये पण अमुक इतकी माणसं सर्टिफाइड हवीत अशी अट असते, त्यामुळे कंपन्यांना ती दाखवायला लागतात. तेवढी किंमत आहे त्याची.

ब्रोशरवर लाल अक्षरात लिहिलंय ना, ‘अमेरिकेच्या संरक्षण खात्याची मान्यता’, ते खोटं नाहीये. इथे वॉशिंग्टनच्या आजूबाजूला नोकरीची जी जाहिरात उघडावी तिच्यात सिक्युरिटी प्लस (सुरुवातीचं सर्टिफिकेट), सीईएच, सीआयएसएसपी (अनुभवी लोकांचं) यातलं काहीतरी मागितलेलं असतंच. कारण पेंटागॉनने, म्हणजे त्या संरक्षण खात्याने, 2005 मध्ये 8570 नावाचा नियम काढला, की आमच्या सिस्टिमची सिक्युरिटी बघणाऱ्याकडे, मग तो ठेकेदाराचा माणूस का असेना, यादीतलं एखादं सर्टिफिकेट पाहिजेच. आता त्याच्या जागी 8140 आलाय पण यादी आहेच. या सर्टिफिकेटांचा बाजार इथे एवढा वाढला त्यात या नियमाचा मोठा वाटा आहे. पण त्यातल्या बहुतेक नोकऱ्यांना सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त कामासाठी सरकारची परवानगी, लागतो आणि क्लिअरन्सला अमेरिकेचं नागरिकत्व. मी इथे इतकी वर्षं राहून ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, मला ते दारात उभं करत नाहीत, तर सांगलीच्या पोराला त्या मान्यतेचं काय करायचंय?

आता शिकवणीचं. महागड्यातलं महागडं ट्रेनिंग म्हणजे सॅन्स नावाच्या इथल्या संस्थेचं, एका कोर्सला साडेआठ हजार डॉलरच्या वर, म्हणजे आपले सात लाखांच्या पुढे, आणि परीक्षा वेगळी, तिचे अजून हजारभर डॉलर. मी त्यांचा इन्सिडंट हँडलिंगचा, म्हणजे हल्ला झाल्यावर काय करायचं त्याचा, कोर्स केलाय, कंपनीच्या पैशाने. शिकवतात एक नंबर, खोटं कशाला बोलू, शिकवणारा माणूस स्वतः हे काम करणारा असतो आणि लॅबमध्ये सगळं हाताने करून बघायला लागतं. परीक्षेला पुस्तकं न्यायची परवानगी असते, म्हणून आम्ही सगळे आधी इंडेक्स बनवतो, कुठला शब्द कुठल्या पुस्तकात कितव्या पानावर, एक्सेलमध्ये भरायचं, प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करायचं आणि पुस्तकांना रंगीत चिठ्ठ्या लावायच्या. ते करता करताच निम्मा अभ्यास होतो. पण स्वतःच्या खिशातून सात लाख घालून कोणी जावं असं मी म्हणणार नाही, ते कंपनीच्या ट्रेनिंग बजेटचं काम आहे आणि त्यांनी दरही तसाच ठेवलाय.

सीईएचची नेहमीची परीक्षा म्हणजे चार तासात 125 प्रश्न, सगळे पर्यायवाले. प्रॅक्टिकल परीक्षा वेगळी असते, ती क्लासवाले फारशी सांगत नाहीत. त्यामुळे पोरं टूल्सची नावं पाठ करतात आणि पास होतात. आमच्याकडे मुलाखतीला येतात त्यांना मी एक साधी गोष्ट दाखवतो, विंडोजच्या लॉगच्या काही ओळी, त्यात 4625 आकडा एकाखाली एक पन्नासेक वेळा आणि मग एकदा 4624. 4625 म्हणजे लॉगिन फसलं, 4624 म्हणजे जमलं. कोणीतरी पासवर्ड मारत बसलं होतं आणि शेवटी आत शिरलं, एवढंच सांगायचं असतं आणि पुढे तू काय करशील ते. मागे एकजण आला, सहीखाली तीन-तीन सर्टिफिकेटांची नावं, तो मला पोर्ट नंबर सांगत बसला. लायसन काढलं म्हणून लगेच कोणी घाटात ट्रक चालवत नाही, तसं आहे ते.

ओएससीपी नावाचं हॅकिंगचंच दुसरं सर्टिफिकेट आहे, ते त्यातल्या त्यात मला पटतं. परीक्षेत चोवीस तास मशीन फोडत, म्हणजे त्यांनी दिलेल्या कॉम्प्युटरांत शिरत, बसायचं, कॅमेऱ्यातून कोणीतरी बघत असतं, आणि पुढच्या चोवीस तासात रिपोर्ट लिहून द्यायचा. तिथे पाठांतर चालत नाही. पण कोर्स धरून ते दीड लाखाच्या आसपास जातं आणि ओंकार आज बसला तर पैसे पाण्यात जातील, दोन वर्षांनी बघू.

अजून एक, हे एकदा भरून संपत नाही. सीईएचला दरवर्षी 80 डॉलर आणि तीन वर्षांत 120 क्रेडिट जमवायचे, बाकीच्यांचं पण थोड्याफार फरकाने तेच. क्रेडिटसाठी वेबिनार ऐकायचे असतात. ऐकतो कोण, मी लावून ठेवतो आणि भांडी घासतो.

आणि त्या ब्रोशरमध्ये फ्रेशरसाठी सीआयएसएसपी लिहिलंय ते वाचून मला हसावं का रडावं कळेना. त्याला पाच वर्षांचा अनुभव लागतो, डिग्रीमुळे फार तर एक वर्ष कमी होतं. परीक्षा पास झाला तरी अनुभव होईपर्यंत ते नाव लावता येत नाही. हे ज्याला माहीत नाही किंवा माहीत असून जो लपवतो, त्याच्या हातात दाजींच्या पगाराचे हप्ते द्यायचे?

ओंकारने तरीही क्लासमध्ये जाऊन विचारून यावं. फीमध्ये परीक्षेचं व्हाउचर आहे का, आणि ईसी-काउन्सिलचं, म्हणजे सीईएच देणाऱ्या संस्थेचं, अधिकृत सेंटर आहे का. ‘सीईएच सिलॅबसवर आधारित’ असं लिहिलंय, त्याचा अर्थ बहुतेक सर्टिफिकेट क्लासचंच मिळणार. आणि अधिकृत ट्रेनिंग नसेल तर दोन वर्षांचा अनुभव दाखवल्याशिवाय सीईएचला बसताच येत नाही. जॉब गॅरंटी लेखी मागा, पावतीच्या मागे ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ असं निघेल.

त्यापेक्षा असं करा. सीआयएसएसपी देणाऱ्या आयएससी-टू या संस्थेची सीसी नावाची नवख्यांसाठीची परीक्षा आहे, 2022 मध्ये त्यांनी दहा लाख लोकांसाठी ट्रेनिंगसकट फुकट काढली, अजून जागा आहे का ते ओंकारला बघू दे, पास झाल्यावर वर्षाला 50 डॉलर लागतात. मग सिक्युरिटी प्लस, त्याचे प्रोफेसर मेसर नावाच्या शिकवणाऱ्याचे सगळे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत आणि व्हाउचर भारतात इथल्यापेक्षा स्वस्त पडतं. पोर्टस्विगरच्या साइटवर वेब सिक्युरिटीच्या लॅब फुकट, ट्राय हॅक मी या सरावाच्या साइटचं सबस्क्रिप्शन मी भरतो. त्याच्या लॅपटॉपची रॅम 16 जीबी करून घ्या म्हणजे त्यातच सरावाची दोन-तीन व्हर्च्युअल मशीन घरी चालवता येतील. आणि क्लासच पाहिजे असेल तर पुण्यात सी-डॅकचा सहा महिन्यांचा डिप्लोमा आहे, सिक्युरिटीचाच, प्रवेश परीक्षा देऊन जायला लागतं. लाखाच्या आसपास फी आहे, तिथे पैसे घालायला मी एका पायावर तयार आहे, निम्मे माझे.

ओंकारला सांग रागावू नकोस, आणि शनिवारी तुमच्या संध्याकाळी मला फोन कर, तो लॉग पाठवतो, बघू काय सांगतो ते. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का? फोटो टाक, आणि तिला म्हणावं जिने चढू नको.

तुझा,
बाळू