आईची सुरी करून देणाऱ्या लोहारमामांना

मामा, राम राम.

तुम्ही मोबाईल फक्त फोन उचलायला वापरता हे माहितीये, म्हणून तुमच्या नातवाला पाठवतोय, तो वाचून दाखवेल. समोर आलो की तुम्ही "बरं बरं, चहा घे" करून विषयच बदलता, मग लिहायलाच बसलो.

पहिल्या दिवशी पुठ्ठ्यावर कापलेलं डिझाईन घेऊन भट्टीपाशी आलो तेव्हा तुम्ही पुठ्ठा बघितलाच नाही, आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, कशाला पाहिजे? पेपरात कोयतेवाल्या पोरांच्या बातम्या आणि त्यात माझी ही दाढी, तुमचं तरी काय चुकलं. मग आईचं सांगितलं. चाळीस वर्षं विळीवर भाजी चिरलेली बाई, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खाली बसणं बंद, आणि ओट्याशी उभं राहून सुरी काही जमेना, कारण विळीचं पातं जागेवर असतं आणि भाजी सरकते, सुरीचं सगळं उलटं. त्यात सांधे दुखतात, बाजारातल्या सुरीची मूठ एवढीशी, आवळून धरली की बोटं ओट्यावर आपटायची. म्हणून मी मूठ वर उचललेली आणि पात्याला पोटाशी गोलावा असं काहीतरी काढलं होतं. आणि सोबत तो कणकेचा गोळा, आईच्या मुठीत दाबून वाळवलेला. तो हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "हा भाजून द्यायचा का?" 😄

पण मूठ त्याच गोळ्यावरून केलीत. बाभळीची, कानशीने थोडं घासायचं, गोळ्याशी लावून बघायचं, परत घासायचं. बाकी डिझाईनची मात्र पार सालं काढलीत. पाठ चार मिलीमीटर? "आई लाकडं फोडणारे का?" अडीचवर आणलीत. पातं जिथे मुठीत शिरतं तो कोपरा मी एकदम काटकोनात काढला होता, दिसायला भारी, तुम्ही गोल कानस लावून तो वळवून टाकलात, टोकदार कोपऱ्यातूनच पातं मोडतं म्हणून.

आणि तरी मी शहाणपणा केलाच. तुम्ही सांगत होतात की हे ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद, याला तेलच पाहिजे, आणि मी धरून बसलो की नाही, "पाणी दिलेलं पातं" म्हणतातच ना, मग पाण्यातच बुडवा. "बघ मग," म्हणालात आणि बुडवलंत. टिण्. एवढाच आवाज. धारेपासून वर केसाएवढी चीर. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, पातं भिंतीला टेकवलंत आणि दुसरा तुकडा भट्टीत सारलात. पैसे एकाच सुरीचे घेतलेत, तेही दसऱ्याच्या तोंडावर, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी दारात कोयत्यांचा ढीग पडलेला असताना. हे मी विसरणार नाही.

दुसऱ्या पात्याला संध्याकाळी बोलावलंत, भट्टीत तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात कळत नाही म्हणून. मी जुन्या स्पीकरचं चुंबक घेऊन आलो होतो, पोलाद साधारण 770 अंशांपलीकडे गेलं की चुंबक धरत नाही हे कुठेतरी वाचलेलं. तुम्ही नुसत्या डोळ्याने "आता" म्हणायचात, मी चुंबक लावायचो, आणि तिन्ही वेळा ते चिकटलं नाही. मग चुंबक गुपचूप खिशात टाकलं. नंतर अजून थोडा ताव देऊन तेलात, मग पातं घासून पांढरं केलं आणि मंद आचेवर धरलं, वाळल्या पेंढ्यासारखा पिवळसर रंग चढला की लगेच बाजूला. निळं होऊ दिलं तर नरम पडतं म्हणालात.

आता ती सुरी कांद्याने आणि कैरीने काळी-निळी झालीये. आई वापरून झाली की लगेच कोरडी करते, खोबरेल तेलाचं बोट फिरवते आणि वर ठेवते, बाबांना साधं लिंबूसुद्धा कापू देत नाही. परवा उभ्याने अख्खी कोथिंबिरीची जुडी बारीक चिरली, मधे एकदाही हात झटकला नाही.

हे मावशीने बघितलं. तिचा हात आईपेक्षा लहान आहे, त्यामुळे तिच्या मुठीचा वेगळा गोळा गच्चीत वाळत घातलाय. मुंग्यांनी नेला नाही तर रविवारी घेऊन येतो.

तुमचा,
कणकेच्या गोळ्यावाला