बॉयकॉट नव्हे, वाळीत टाकणं

मा. संपादक,

रायगड जिल्ह्यातल्या एका घरावर गावकीने घातलेल्या बहिष्काराची बातमी परवा आपल्या अंकात होती. मथळा : 'गावाने केले कुटुंबाला बॉयकॉट'. गिरगावातल्या छापखान्यात मुद्रितशोधनात जन्म गेला, त्यामुळे मथळा आधी खुपतो, बातमी मागाहून वाचली जाते.

बॉयकॉट हे मुळात आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. 1880 साली कुळांनी खंडात पाव हिश्शाची सूट मागितली, मालक दहा टक्क्यांवर अडला आणि बॉयकॉटने कुळं हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. मग मजूर शेतावर येईनात, दुकानदार सामान देईनात. शेवटी उत्तरेतून पन्नासेक माणसं आणून पीक काढलं, राखणीला हजारभर शिपाई! पाचशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार खर्च झाल्याचं सांगतात. रेडपाथ नावाच्या अमेरिकन बातमीदाराने लिहून ठेवलंय की, अशा बहिष्कारासाठीचा 'ऑस्ट्रसाइझ' हा शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी बसणार नाही, म्हणून फादर जॉन ओमॅलींनी कारभाऱ्याचंच नाव सुचवलं. शब्द निवडणारा माणूस असा हवा.

तेव्हा हे हत्यार कुळांचं, वरच्या माणसावर उगारलेलं. वंगभंगानंतर टिळकांनी विलायती मालावर बहिष्कार पुकारला, तोही त्याच वळणाचा. गावकी मात्र अख्खा गाव घेऊन एका घरावर बसते. माझ्या लहानपणी पेणजवळच्या आमच्या गावात एक घर वाळीत होतं. गिरणीवाला त्यांचं दळण घेईना. घरातली म्हातारी तांदळाचा डबा डोक्यावर घेऊन खाडीपलीकडच्या गिरणीवर जायची. तिचा नवरा गेला तेव्हा खांदा द्यायला माहेरची माणसं बोलवावी लागली. याला आमच्याकडे एकच शब्द आहे आणि तो ऐकणाऱ्याला आजही बोचतो. इंग्रजी शब्दाने ती बोच जाते. एखाद्या सिनेमाचं तिकीट न काढण्याइतकं ते साधं वाटू लागतं.

'गावाने कुटुंबाला वाळीत टाकले' हा मथळा दोन कॉलमांत सहज बसतो, मी मोजून पाहिलं. शिवाय सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा 2016चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्याखाली गुन्हा नोंदला की नाही, याचा बातमीत उल्लेखच नव्हता. बातमीदाराने पोलीस ठाण्यात विचारून पुढच्या अंकात तेवढं द्यावं.

— एक निवृत्त मुद्रितशोधक, गिरगाव, मुंबई