चिखलापेक्षा दोर आणि नदीची काळजी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नदीकाठच्या ऑफ-रोड पार्कवर (हौसेने चिखल-पाण्यात गाड्या चालवायच्या जागेवर) आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. छायाचित्रं झकास होती. बॉनेटवरून उडणारा रेंदा पाहून कुणालाही तिथे जावंसं वाटेल, आणि जावंही. पण चिखलात रुतलेली गाडी ही तिथल्या दिवसातली सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट असते. ती कुठे पळून जात नाही. माणसं जखमी होतात ती तिला ओढून काढताना, इंजिनं बसतात ती पाण्याच्या उतारावर, म्हणजे नदी ओलांडायच्या उथळ जागी, आणि तंबू जातात ते रात्री. लेखात या तिन्हींवर एक ओळही नव्हती.

आधी ओढण्याबद्दल. दोराआधी फावडं हातात घ्यायचं असतं, हे नव्या मंडळींना पटत नाही. चिखल चाकाला अडवतो तसा खालून चोखूनही धरतो. त्यात डिफरन्शियल (दोन चाकांमधला गिअरचा गोळा) किंवा चासीचा, म्हणजे सांगाड्याचा, आडवा पट्टा जमिनीला टेकला असेल, तर ओढताना तो नांगरासारखा गाळ ढकलत येतो. त्यामुळे दोन टनांच्या गाडीला दोन टनांहून बरीच जास्त ओढ लागू शकते. चाकांपुढचा गाळ उतरता कापला आणि पोटाखालून हवा जायला वाट केली की तो जोर पुष्कळ उतरतो. दहा मिनिटांचं खोदकाम चुकवायला लोक पन्नास हजारांचा विंच (दोर ड्रमवर गुंडाळत गाडी ओढणारं, बॅटरीवरचं यंत्र) जाळतात, असं नाही म्हणत. पण मोटर तापून बंद पडताना मात्र पुन्हा पुन्हा दिसते. म्हणून विंच थांबतथांबत चालवावा आणि इंजिन चालू ठेवावं, नाहीतर बॅटरीही बसते.

दोर दोन जातींचे असतात आणि त्यांची अदलाबदल जीवावर बेतते. हिसका द्यायचा दोर नायलॉनचा असतो. तो आपल्या लांबीच्या जवळपास तीस टक्के ताणतो आणि हिसका स्वतःत मुरवून घेतो. विंचचा दोर आणि साखळी जवळजवळ ताणतच नाहीत. त्यांनी फक्त संथ ओढायचं, हिसका कधीही द्यायचा नाही. दोर अडकवायचा तो चासीला बोल्टने घट्ट बसवलेल्या, भारक्षमता कोरलेल्या हुकलाच. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला तर मुळीच नाही. तो गोळा तुटला की दोराला लटकून समोरच्या गाडीची काच फोडून आत येतो. या खेळातले काही भयंकर अपघात असेच झालेले आहेत. शॅकलची (दोर हुकला जोडणाऱ्या कडीची) पिन पूर्ण आवळून मग पाव फेरा मागे घ्यावी, म्हणजे ताण आल्यावर ती जाम होत नाही. दोराच्या मध्यावर जड जाजम टाकावं, तुटला तर ते त्याला खाली पाडतं. बघ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब राहावं, आणि दोराच्या रेषेत तर कुणीच नको.

विंचच्या ड्रमवर पोलादी दोराचे किमान पाच आणि कृत्रिम दोराचे दहा वेढे शिल्लक राहिलेच पाहिजेत. दोर धरून ठेवतात ते हे वेढे; टोकाचा स्क्रू नव्हे. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमच्या सगळ्यात आतल्या थराची असते, वरचे थर चढत जातात तशी ती घटते. म्हणून कमी अंतर असलं तरी दोर भरपूर बाहेर काढून, कप्पी लावून दुहेरी करावा. वेग निम्मा होतो, ओढ जवळजवळ दुप्पट मिळते. नदीकाठी आणखी एक भानगड असते: भिजलेल्या काठावरचं झाड बघायला भक्कम वाटतं आणि ताण आला की मुळांसकट कलतं. काठापासून आतलं झाड निवडावं, बुंध्याला अगदी खाली, चपटा रुंद पट्टा लावावा. नुसती तार बांधली तर साल गोल कापली जाऊन झाड वाळतं.

आता पाणी. उतार पायी चालून, काठीने चाचपून पाहिल्याशिवाय गाडी घालू नये. आणि प्रवाहाच्या ओढीमुळे पायी जाता येत नसेल, तर तिथे गाडीही घालायची नसते. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी कार हलते, दोन फूट असेल तर बहुतेक गाड्या वाहून जातात. चारचाकी एटीव्हीचे (हँडलने चालवायच्या छोट्या उघड्या गाडीचे) जाड टायर तर स्वतःच हवेच्या पिशव्या असतात. गाडी हलकी, त्यामुळे चाकं तरंगू लागतात आणि चालक सावरेपर्यंत ती आडवी होते. 'माझी मशीन पाण्यातली राणी' म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

लो रेंजचा (संथ पण जोरकस गिअरच्या संचातला) दुसरा गिअर घालून संथ शिरायचं, गाडीपुढे उठलेल्या लाटेच्या चालीने जायचं आणि मधे गिअर बदलायचा नाही. क्लच दाबला की चाकांची ओढ तुटते. मधेच इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारण्याचा मोह आवरावा. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये काही चमचे पाणी गेलं असेल तरी स्टार्टरच्या एका फेऱ्यात कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर प्लग काढून (डिझेलला ग्लो प्लग किंवा इंजेक्टर) इंजिन फिरवून पाणी बाहेर फेकल्यावरच पुढचं बघा.

दुसरा बिघाड त्या दिवशी कळतही नाही. तासभर धावलेला डिफरन्शियल तापलेला असतो; तो थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. ब्रीदरची, म्हणजे डिफरन्शियलमधली हवा ये-जा करण्याची, नळी इंजिनाच्या वरच्या बाजूपर्यंत लांबवली की हे टळतं, खर्च नगण्य. घरी आल्यावर ऑइलचा बोल्ट सैल करून पाहा. ऑइल दुधाळ झालं असेल तर त्याच आठवड्यात बदला, नाहीतर बेअरिंग जातात. बेल्टवर चालणाऱ्या एटीव्हीत बेल्टच्या डब्यात पाणी शिरलं की इंजिन रेसतं आणि गाडी जागची हलत नाही. डब्याची निचऱ्याची बूच काढून पाणी सोडा, न्यूट्रलमध्ये थोडा वेळ रेस देऊन बेल्ट वाळवा. ओला बेल्ट तसाच ताणला तर घसरून जळतो.

प्रत्यक्ष चिखलात चालवण्याविषयी फार सांगायला नको. फोरबायफोरच्या (चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीच्या) टायरमधली हवा १८-२० पीएसआयवर आणा (१५ च्या खाली टायर रिममधून निसटू लागतो), एटीव्हीला उत्पादकाने सांगितलेला दाब ठेवा, डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ) चिखलात शिरण्याआधी लावा. चाकं जागीच फिरू लागली की स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं हलवून पाहा. तरीही गाडी सरकली नाही तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, दर फेऱ्यागणिक खड्डा खोल होतो. चाकोरीत मात्र पुढची चाकं नक्की कुठे वळली आहेत ते खिडकीतून डोकं काढून बघत राहा. चिखलात स्टिअरिंग फिरवलेलं कळत नाही आणि पकड मिळताच गाडी भलतीकडे उडी घेते. डबकं टाळायला बाजूच्या गवतातून जाण्याने वाट दर खेपेस रुंदावते, डबक्यातूनच जा.

मुक्कामाच्या जागेत बहुतेक जण फसतात. नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला सपाट, मऊ वाळू असते, तंबू ठोकावा असं वाटतंच; पण पाणी चढलं की सर्वांत आधी तीच जागा बुडते. बाहेरच्या बाजूचा उंच काठ सुरक्षित दिसतो, पण प्रवाहाने तो खालून पोखरलेला असतो आणि कडेला लावलेल्या गाडीच्या वजनाने ढासळतो. झुडपांत अडकलेला काडीकचरा आणि खोडांवरची गाळाची रेघ शोधा. तंबू त्या रेघेच्या वर. आणि परतीच्या वाटेवर एखादा सखल ओहोळ आहे का, ते तंबू ठोकण्याआधी पाहा. उंचावर कोरडे बसलात तरी तो आधी भरतो आणि वाट बंद होते.

वरच्या अंगाला पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडलं, तर तारे दिसत असतानाही नदी चढते. अंधार पडण्याआधी पाण्याच्या कडेला काठी रोवा, निजण्याआधी पाहा. पाणी अचानक गढुळलं, पानं-काटक्या वाहू लागल्या, आवाज बदलला, की सामान सोडून निघायचं. गाड्या तोंड बाहेरच्या बाजूला करून, तंबू आणि चाकोरी यांच्या मधे लावाव्यात, म्हणजे रात्री फिरणारा एखादा एटीव्हीवाला तंबूवर येत नाही. चाव्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी. शौचासाठी पाण्यापासून किमान साठ मीटर लांब जावं. ओल्या जमिनीत पाणी वीतभर खोलीवरच लागत असेल तर खड्डा निरुपयोगी. झाकणाचा डबा न्यावा आणि सोबत परत आणावा.

गाडी नदीत धुऊ नये. ग्रीस-तेल तर पाण्यात जातंच, शिवाय गाळ माशांच्या अंड्यांवर बसून ती गुदमरतात. रेडिएटर इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने त्याच्या पातळ पात्या वाकतात, सीलमध्ये पाणी शिरतं. रिमच्या आत थापलेला चिखल काढला नाही तर महामार्गावर वेग घेताच स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक अलाइनमेंट करायला धावतात!

पार्क चालवणाऱ्यांकडे मागण्या फार नाहीत. प्रत्येक उतारावर रंगवलेली खोलीची पट्टी आणि लाल रेघेच्या वर पाणी गेलं की साखळी. रुतण्याच्या ठरलेल्या जागांजवळ काँक्रीटमध्ये गाडलेले ओढीचे खुंट. पूररेघेवर तंबूंची हद्द दाखवणारे खांब. नदीपासून दूर, गाळ अडवणाऱ्या टाकीसह धुण्याची जागा. आणि वरच्या धरणाची सूचना मिळताच वाजणारा भोंगा. आपले प्रतिनिधी पुन्हा तिकडे गेले तर छायाचित्रं काढण्याआधी यातलं तिथे काय आहे ते पाहून लिहावं, ही विनंती.

कळावे,
आपला एक वाचक