"याच्या आधीची नीट पाळी कधी आली होती?"

आशाताई,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "कामच आहे गं माझं" म्हणून विषय उडवता. म्हणून लिहून काढतेय.

डिसेंबरात आमच्या निफाडच्या द्राक्षबागेत विरळणी चालू होती. मांडवाखाली दिवसभर हात वर, तेव्हा खांदा दुखला तर नवल काय? ओटीपोटात डावीकडे कळ यायची, थोडं थोडं अंगावरून जात होतं, तीच पाळी समजत होते. एका दवाखान्यात पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. राग येतो, पण "माझं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय" हे मीच आधी सांगून मोकळी झाले होते.

तुम्ही शेजारच्या बाळंतिणीकडे आला होतात. माझा चेहरा बघून थांबलात. "ही राहू दे, याच्या आधीची नीट पाळी कधी आली होती?" बोटांवर मोजलं, पन्नास दिवस होऊन गेलेले. सासूबाई हसल्या, "अहो, ऑपरेशनला सात वर्षं झाली तिच्या!" तुम्ही हसला नाहीत. पिशवीतून दिवस गेलेत का ते तपासायचं निश्चय किट काढलं. दुसरी रेघ इतकी फिकी, की मी म्हटलं नाहीच आहे. तुम्ही ते दारात उजेडाला धरलंत आणि १०८ ला फोन लावलात. मला आधी लाजच वाटली. ऑपरेशननंतर दिवस गेले म्हटलं की लोक बाईकडेच बघतात ना.

चांदोरी मागे पडली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तुम्ही माझ्या गालावर चापट्या मारत होतात, तेवढं आठवतं. नाशिकला सोनोग्राफीत गर्भपिशवी रिकामी आणि पोटात रक्त. गर्भ नळीत वाढून नळी फुटली होती. ती काढली, दोन पिशव्या रक्त चढवलं. खांद्याचं कारणही बाग नव्हतीच. पोटातलं रक्त श्वासपटलाला लागलं की कळ खांद्यात निघते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नर्सिंगला असलेल्या भाचीने नंतर सांगितलं, अमेरिकेत १९९६ साली छापलेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतरच्या १० वर्षांत हजारात १८-१९ बायकांना दिवस गेले होते. त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्शाचा गर्भ पिशवीबाहेर. ऑपरेशन करताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी केलंच असतं, पण कळ अंगावर काढली नसती.

जाऊबाई म्हणत होत्या, आता तुम्ही ऑपरेशन झालेल्या बायकांनाही तारीख विचारता. विचारा, हसल्या तरी विचारा.

बाग उतरायला लागली आहे. पहिली पेटी तुमच्याकडे धाडतेय, परत पाठवायची नाही.

तुमची,
मळ्यातली