प्राचीन दातांवरील डागांचा अर्थ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्खननात मिळालेल्या प्राचीन मानवी दातांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. काळे-तपकिरी दात म्हणजे अस्वच्छतेची खूण, हे त्यातील सरसकट विधान मला मान्य नाही.

दाताला रंग जिवंतपणी चढतो, तसा पुरल्यानंतरही चढतो. मातीतल्या पाण्यात विरघळलेले मँगनीज आणि लोह दाताच्या भेगांत शिरते, तेथे त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि मँगनीजचा काळा, तर लोहाचा तांबूस थर जमतो. मँगनीजचा हा काळेपणा दात जळाल्यामुळे आला असावा, असाही गैरसमज होतो. बलुचिस्तानातील मेहरगढच्या नवाश्मयुगीन दातांवरील तपकिरी डागांचे कारण मात्र अभ्यासकांना पिण्याच्या पाण्यातील जादा फ्लोराइडमध्ये सापडले. फ्लोराइडला स्वतःचा रंग नसतो. बालपणी दंतवल्क (दाताचे कठीण बाह्य आवरण) घडत असतानाच ते त्याची घडण बिघडवते, आणि दात उगवल्यावर त्या सच्छिद्र दंतवल्कात बाहेरची रंगद्रव्ये मुरतात. म्हणूनच एकाच वयात घडलेल्या डाव्या-उजव्या दातांवर हे डाग सारखे दिसतात, तर मातीचे डाग वेडेवाकडे असून मुळांवर आणि जबड्याच्या हाडावरही पसरलेले असतात.

केवळ फ्लोराइडचे प्रमाण मोजूनही भागत नाही, कारण पुरलेले हाड आणि दात भूजलातून ते शोषत राहतात. आदिमानवाचे म्हणून खपवलेल्या इंग्लंडमधील पिल्टडाउनच्या अवशेषांची लबाडी १९५३ साली उघड होण्यास याच गुणधर्माची मदत झाली, कारण फार काळ पुरलेल्या हाडात जितके फ्लोराइड असायला हवे, त्यापेक्षा ते त्यांत फारच कमी निघाले; त्या अवशेषांचा प्राचीन वाटणारा तपकिरी रंगसुद्धा लोह आणि क्रोमियमच्या संयुगांनी मुद्दाम चढवलेला होता.

मी यवतमाळ जिल्ह्यात अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. हातपंपाचे फ्लोराइडयुक्त पाणी पिऊन वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना बाहेरगावी गेल्यावर “खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खातोस का?” असे विचारले जाई, आणि ती मुले तोंडावर हात धरून बोलत. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांवर तोच आरोप झालेला वाचून मला वाईट वाटले.

यापुढे असे लेख छापताना डाग दंतवल्कात आहे की मुळावर, दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखा आहे का, आणि दाताबरोबर त्याच्या भोवतालच्या मातीचेही रासायनिक पृथक्करण झाले आहे का, एवढी माहिती लेखकाकडून अवश्य मागवावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, यवतमाळ