जमिनीचा कागद म्हणून दंडाची पावती

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीत माझं घर आहे, चार एकर वहितीत आहे, घरपट्टी वेळेवर भरतो. सातबारा तेवढा नाही. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत जमिनीचा म्हणावा असा एकच कागद निघाला: जंगलात नांगर घातला म्हणून भरलेल्या दंडाची पावती. घडीवर फाटलेली, शाई उडालेली. त्यांच्या गुन्ह्याचा पुरावा तोच आणि आमच्या वहिवाटीचाही तोच.

72 च्या दुष्काळात वडील नांदेडकडून माणिकगडच्या डोंगरावर चढले. आम्हाला अजून ‘बाहेरचे’ म्हणतात. साहेब, जिवतीसकट राजुऱ्याचा हा सगळा मुलूख निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यातला, आणि नांदेडही निजामाचंच. 1956 च्या पुनर्रचनेत राजुरा तालुका चक्क नांदेड जिल्ह्याला जोडला, 1959 मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला दिला. इतक्या वेळा तालुका हलला. वडील एकदाच हलले.

वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीचं तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य दाखवायचं आहे. वजाबाकी केली की 1930 येतं. तेव्हा दफ्तर उर्दूत होतं आणि आम्ही इथे नव्हतोच. त्या वाटेने माझं काम होणार नाही, हे मला कळतं. इथल्या कोलाम-गोंड आदिवासींना ही 75 वर्षांची अट नाही. त्यांचे दावे आधी निकाली काढा, आमच्या भांडणात त्यांना ताटकळत ठेवू नका.

आमच्यासाठी मागणं वेगळं आहे. कुठला सर्व्हे नंबर महसूलचा आणि कुठला वनाचा, हे एकदा ठरवा. निजामी दफ्तर आणि 1954-55 ची खासरा पहाणी (कुठली जमीन कोण कसतो याची नोंद) यांतलं जे हैदराबाद-आदिलाबादकडे राहिलं असेल, त्याच्या नकला मागवा, मराठी करून चावडीवर लावा. शेतकऱ्याने एसटीने परराज्यात जाऊन शोधायची ही गोष्ट नव्हे. शेजारी परमडोली, मुकदमगुडा वगैरे 14 गावांत तर एकाच घरात महाराष्ट्र आणि तेलंगणा अशी दोन राज्यांची रेशनकार्डं आहेत. तिथली मोजणी दोन्ही राज्यांनी मिळून करावी.

मोजणीदार उन्हाळ्यात पाठवा. पावसाळ्यात कापूस उभा असतो, हद्दीचे दगड दिसत नाहीत. बांध दाखवायला मी येईन.

आपला,
जिवतीचा एक शेतकरी