उंचीमापकाचा पुढे धावणारा काटा

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

माळ्यावरचे सेसना १७२ या छोट्या विमानाचे संगणकाला जोडलेले नकली कॉकपिट पुरे झाले की नाद सुटला, असे तू विचारले होतेस. नाद सुटलेला नाही. मापकांच्या तबकड्यांसाठी प्लायवुडला ३⅛ इंचांची सहा भोके पाडून झाली, थ्रॉटलला (इंजिनाची गती बदलणाऱ्या दांड्याला) सरकता पोटेन्शियोमीटर आणि योकला (विमानाच्या सुकाणूला) चुंबकावरून हालचाल ओळखणारा हॉल सेन्सर बसला; त्यात विशेष लिहिण्यासारखे काही नाही. जीव खाल्ला तो उंचीमापकाने.

वेगमापकाला मोटारीच्या डॅशबोर्डमधली एक्स२७ ही चिमुकली स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर, चालते, कारण तिचा काटा ३१५ अंशांवर अडला तरी बिघडत नाही. उंचीमापकाचा लांब काटा मात्र दर हजार फुटांना पूर्ण फेरा घेतो आणि आखूड काट्याला त्याच्या एक दशांश गतीने चालावे लागते. जुन्या बाजारातून आणलेल्या गजराच्या घड्याळातले एकात एक बसणारे दांडे मला फार भावले आणि ते जुळवण्यात मी दोन रविवार घालवले. घड्याळाच्या काट्यांचे प्रमाण बारास एक असते, हे शाळकरी पोरानेही सांगितले असते! अखेर ॲक्रिलिकची चाके लेझरने कापून घेतली: २० दात्यांना ४० आणि १० दात्यांना ५०. दोन्ही जोड्यांची बेरीज ६० असल्यामुळे आसांमधले अंतर सारखे राहते आणि दोन्ही काटे एकाच मध्यावर बसतात.

या काट्यांसाठी तापकीर गल्लीतून २८बीवायजे-४८ ही दुसरी स्टेपर मोटर आणली. तिच्या एका फेऱ्याला २०४८ पावले लागतात असे जिथे तिथे लिहिलेले असते, म्हणून तोच आकडा मी मोटर चालवणाऱ्या आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डाच्या प्रोग्राममध्ये भरला. संगणकातल्या लोहगावच्या धावपट्टीवर, म्हणजे १९४२ फुटांवर, काटा जेमतेम दहा फूट पुढे दिसे; तो दोष मी माझ्या चष्म्याच्या माथी मारला. दहा हजारांवर फरक पन्नास फुटांचा होई, पण खाली उतरताना तो आपोआप आटत जाई, आणि त्यामुळेच महिनाभर मी चकलो. मोटरची पावले हुकत असती, तर उतरल्यावरही काटा चुकलेलाच राहिला असता. म्हणजे चूक मोजमापातच होती. हे एका रात्री ध्यानात आले, तेव्हा मोटर उघडून दाते मोजले. आतल्या चाकांचे प्रमाण २०४८ च्या हिशेबात धरलेले ६४ नसून सुमारे ६३.६८ आहे, म्हणजे फेऱ्याला २०३८ पावलेसुद्धा पुरी भरत नाहीत. आता उरलेला अपूर्णांक प्रोग्राम पुढच्या फेऱ्यात ओढतो आणि काटा पडद्यावरच्या आकड्याशी जुळतो.

दात्यांमधली ढिलाई तेवढी राहिली आहे. चढताना आणि उतरताना आखूड काटा किंचित वेगळा थांबतो. त्याला एका बाजूला ओढून धरण्यासाठी जुन्या मनगटी घड्याळातली केसासारखी स्प्रिंग लावून पाहायची आहे. तुमच्या गल्लीतल्या घड्याळजीकडे मिळाली, तर दिवाळीला येताना दोन-तीन घेऊन ये, कारण पहिली माझ्या हातून तुटणार हे नक्की.

तुझा,
माळ्यावरचा वैमानिक